नीलवंत: महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की मोबाइलवर एकच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून येऊ लागतो. काळं, मोठं, मागच्या पंखांवर निळाई असलेलं फुलपाखरू. कधी ते जास्वंदीवर असतं, कधी गाडीच्या टपावर, कधी जिन्यातल्या ट्यूबलाइटशेजारी भिंतीला चिकटलेलं. त्याबरोबर येणारे प्रश्नही ठरलेले असतात. गेली बरीच वर्षं मी ही उत्तरं एकेकाला वेगळी लिहीत आलो. आता सगळी एकत्र लिहून ठेवतो आहे.

नीलवंत म्हणजे नेमकं कोणतं फुलपाखरू?

इंग्रजीत याला ब्लू मॉरमॉन म्हणतात. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टॉर. हे राहतं मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम भारतात आणि श्रीलंकेत. सह्याद्रीच्या दाट, पावसाळी जंगलात ते सगळ्यात जास्त रमतं. भारत आणि श्रीलंका सोडून जगात ते सहसा कुठे सापडत नाही, त्यामुळे अंगणात दिसलेल्या नीलवंताकडे दोन मिनिटं थांबून बघायला हे एक कारण पुरेसं आहे.

राणी पाकोळी, नीलवंत की ब्लू मॉरमॉन? खरं नाव कोणतं?

तिन्ही एकाच फुलपाखराची नावं आहेत. राज्य फुलपाखरू म्हणून निवड झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘राणी पाकोळी’ हे नाव आलं. पुढे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांसाठी मराठी नावं ठरवली, त्यात याला ‘नीलवंत’ नाव मिळालं. मला स्वतःला नीलवंत जास्त आवडतं. पाकोळी म्हटलं की आमच्याकडे अनेकांच्या डोळ्यांपुढे घराच्या आढ्याला घरटं करणारा छोटा पक्षी येतो, आणि मग बोलताना घोटाळा होतो.

मॉरमॉन हे नाव अमेरिकेतल्या एका पंथावरून आलं. त्या पंथात एकेकाळी एका पुरुषाला अनेक बायका असत. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या कॉमन मॉरमॉन या भाऊबंदाच्या माद्या दोन-तीन वेगवेगळ्या रूपांत असतात, म्हणून इंग्रजांनी त्याला ते नाव दिलं आणि पुढे ते नीलवंतालाही चिकटलं. गंमत अशी की नीलवंताच्या मादीत ही अनेक रूपं नाहीतच.

शास्त्रीय नाव ठेवलं पीटर क्रॅमर या ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्याने, 1775 साली. दूरदेशीची फुलपाखरं गोळा करून त्यांची रंगीत चित्रं छापायचा त्याला नाद होता. लिनिअसने मोठ्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं द्यायचा पायंडा पाडला होता, त्याच पंगतीत हे नाव बसलं. पॉलिम्नेस्टॉर हा त्या कथांमधला थ्रेस देशाचा राजा.

हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू कधी झालं?

जून 2015 मध्ये, राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत. स्वतःचं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण या राज्याच्या मानचिन्हांच्या जोडीला नीलवंत येऊन बसला.

नीलवंत ओळखायचा कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंख पसरलेले असताना पहिल्यांदा दिसतो तो काळा रंग. तो साधा काळा नव्हे, मखमलीसारखा, उजेड पिऊन टाकणारा. पुढचे पंख लांब आणि त्रिकोणी. त्यांच्या बाहेरच्या भागात शिरांच्या मधून निळसर पट्ट्या उतरलेल्या असतात. कोणीतरी ब्रशचे फटके मारावेत तशा त्या पंखाच्या खालच्या कडेला रुंद आणि ठळक असतात, वर टोकाकडे जाताना आखूड आणि पुसट होत विरून जातात.

खरी ओळख मागच्या पंखांत आहे. मुळाशी काळा भाग, आणि त्याच्या बाहेर जवळजवळ पाऊण पंख फिकट निळा. हा निळा आकाशाचा नव्हे आणि शाईचाही नव्हे. धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला नीळ थोडी जास्त झाली की जशी छटा येते, तिच्या जवळचा. त्या निळ्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. आतली ओळ लांबट, आतल्या बाजूला निमुळत्या होत गेलेल्या डागांची. त्यानंतरची ओळ लंबगोल ठिपक्यांची. अगदी कडेला शिरांच्या टोकांवर वेडेवाकडे काळे डाग, आणि पंखाच्या वरच्या भागात हे कडेचे डाग मधल्या ठिपक्यांना जाऊन मिळतात. मागच्या पंखाची कड लाटांसारखी कातरलेली असते.

डोकं, छाती, पोट सगळं काळपट. स्पर्शिका काळ्या, टोकाला किंचित जाड.

उडताना हे ठिपकेबिपके काही दिसत नाहीत. तेव्हा दिसतो तो नुसता निळा लखलखाट, एकदा चमकला, विझला, पुन्हा चमकला. जंगलातल्या वाटेवर माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून खालीवर हेलकावे घेत, पण चांगल्याच वेगात जाणारं काळं-निळं मोठं फुलपाखरू म्हणजे बहुतेक वेळा हाच.

मला दिसलेल्या फुलपाखराच्या पंखांवर लाल डाग होते आणि निळा रंग नव्हता. ते वेगळं का?

बहुधा तोच नीलवंत, फक्त पंख मिटून बसलेला. फुलपाखराच्या पंखाला दोन बाजू असतात आणि दोन्हींचे कपडे वेगळे असतात हे आपण विसरतो. नीलवंताची खालची बाजू वरच्यापेक्षा खूपच साधी आहे. काळा रंग तिथे मंद होतो आणि निळ्याच्या जागी राखाडी येतो, त्यातही मातकट पिवळसर झाक. ठिपक्यांच्या ओळी मात्र तिथेही असतात.

लाल डाग ही त्या बाजूची खूण. पंख जिथे अंगाला जोडलेले असतात तिथे, पुढच्या पंखाच्या मुळाशी एक लांबट गडद लाल डाग आणि मागच्या पंखाच्या मुळाशी लहान लहान वेडेवाकडे पाच. अंगाला लागून असल्याने ते लांबून दिसत नाहीत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं होतं की फुलपाखराला जखम झाली आहे.

पंख मिटले की निळाई झाकली जाते याचा त्याला उपयोगही होत असावा. सावलीतल्या पानांमध्ये राखाडी-काळा त्रिकोण सहजासहजी नजरेत भरत नाही. संध्याकाळी झुडपाच्या आत विसाव्याला गेलेला नीलवंत तुमच्या हाताच्या अंतरावर असूनही सापडत नाही, तो यामुळे.

नर आणि मादी कशी ओळखायची?

मादी थोडी मोठी, तिचा काळा जरा तपकिरीकडे झुकलेला आणि निळाही काहीसा फिका. पण खरं सांगू का, उडत्या फुलपाखरावर हे ताडणं अवघड आहे आणि फोटोवरून तर उजेडाप्रमाणे रंग बदलतो. मी वागण्यावर जास्त भरवसा ठेवतो. ओढ्याकाठी ओल्या मातीत सोंड खुपसून बसलेला असेल तर तो नर. लिंबाच्या जातीच्या झुडपाभोवती सावकाश, पानापानाला शिवत फिरत असेल तर ती मादी.



हे स्वॉलोटेल कुळातलं म्हणतात, मग याला शेपटी कुठे आहे?

नाही शेपटी. पॅपिलिओनिडी कुळातल्या पुष्कळ फुलपाखरांना मागच्या पंखावर शेपटीसारखं टोक असतं, म्हणून कुळाला ते नाव पडलं. पण कुळातल्या सगळ्यांना ते असतंच असं नाही. नीलवंताला नाही, आणि लिंबावरच्या साध्या लाइम बटरफ्लायलाही नाही. ओळखताना ही गोष्ट कामाला येते: शेपटी दिसली तर तो नीलवंत नव्हे.

हे भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू आहे का?

नाही, पण मोठ्यांच्या पंगतीत नक्की आहे. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत 12 ते 15 सेंटीमीटर. मोठ्या माणसाचा पंजा बोटं जुळवून उघडा धरला तर त्यावर मावणार नाही. सह्याद्रीत त्याच्याहून मोठं आहे ते सदर्न बर्डविंग, काळं आणि पिवळंधम्मक. कित्येक दशकं देशातलं सर्वांत मोठं फुलपाखरू म्हणून 190 मिलिमीटरच्या एका सदर्न बर्डविंगची नोंद सांगितली जात होती. 2020 मध्ये उत्तराखंडातल्या डीडीहाटच्या एका गोल्डन बर्डविंग मादीचं माप प्रसिद्ध झालं, 194 मिलिमीटर, आणि तो मान हिमालयाकडे गेला.

पंखाला हात लावला की बोटाला पावडर लागते. तो रंग असतो का?

ते खवले असतात. कौलारू घरावर जशी एकावर एक कौलं चढवलेली असतात, तसे पंखाच्या पारदर्शक पडद्यावर हे सूक्ष्म खवले बसवलेले असतात. काळ्या खवल्यांत मेलॅनिन असतं, आपल्या केसांना काळा रंग देणारं तेच द्रव्य. फुलपाखरांमधला निळा मात्र पुष्कळदा वेगळ्या वाटेने येतो. दक्षिण अमेरिकेतल्या प्रसिद्ध मॉर्फो फुलपाखराच्या पंखात निळा रंगच नसतो. खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म कंगोऱ्यांवरून उजेड असा परततो की आपल्याला निळा दिसतो.

खवले एकदा गेले की पुन्हा येत नाहीत. म्हणून कृपया बोटांत धरू नका. म्हातारा नीलवंत ओळखायचा तोही यावरूनच: मखमल झडून काळ्याचा करडा झालेला असतो आणि कडा फाटलेल्या.

दुसऱ्या कोणत्या फुलपाखरांशी याची गल्लत होते?

ब्लू टायगरशी सगळ्यात जास्त, निव्वळ नावातल्या निळ्यामुळे. ते आकाराने बरंच लहान, संथ उडणारं, आणि काळ्यावर निळसर-पांढऱ्या रेघा-ठिपके असलेलं. निळ्याचा सलग पट्टा त्याच्याकडे नाही. कॉमन ब्लूबॉटलच्या पंखांमधून हिरवट निळा एक पट्टा आरपार जातो आणि ते बाणासारखं सुसाट उडतं. ग्रेट एगफ्लायच्या नराला काळ्या पंखांवर पांढरे डाग आणि त्यांच्याभोवती जांभळट निळी झळाळी असते. कॉमन मॉरमॉनचा नर काळाच, पण मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि शेपटी.

आणि सह्याद्रीत मलबार बँडेड पीकॉक. तो दिसला तर तुम्ही नशीबवान. हिरवी-निळी झगमगती पट्टी आणि शेपट्या असल्याने एकदा पाहिलेला माणूस त्याला नीलवंत म्हणणार नाही.

ईशान्य भारतातल्या मित्रांकडून कधी कधी ‘आमच्याकडेही नीलवंत दिसला’ असा फोटो येतो. तो ग्रेट मॉरमॉन असतो, नीलवंताचा अगदी जवळचा नातेवाईक. त्याच्या माद्यांची मात्र अनेक रूपं असतात, काही शेपटीवाली, काही बिनशेपटीची.

कुठे आणि कधी दिसेल?

वर्षभर दिसतं, पण पावसाळ्यात आणि पाऊस ओसरल्यावर लगेचच्या दिवसांत सगळ्यात जास्त. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा माझा आवडता काळ. सदाहरित आणि निमसदाहरित जंगल, बांबूची बेटं, ओढ्याकाठच्या राया ही त्याची घरं. आंबोली, कोयना, भीमाशंकर, माथेरान, ताम्हिणी, कर्नाळा, फणसाड, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, गोव्यात भगवान महावीर अभयारण्य आणि खोतीगाव या भागांत उन्हाच्या वेळी शोधलंत तर सहसा निराशा होणार नाही.

वेळ महत्त्वाची. जंगलात राहत असलं तरी याला ऊन हवं असतं. सकाळी आठ-नऊच्या सुमारास झाडांतून पहिला कवडसा पडतो तिथे पानावर पंख सपाट पसरून ते अंग शेकत बसतं. निळा रंग डोळे भरून बघायचा तर ही वेळ. एकदा अंग तापलं की दुपारपर्यंत ते हाताला लागत नाही.

ओढ्याकाठी चिखलावर का बसतं? पाणी पितं का?

पाण्यासाठी नव्हे, पाण्यातल्या क्षारांसाठी. याला चिखलपान म्हणतात. फुलांच्या मधात साखर भरपूर पण सोडियम जवळजवळ नाही. ते ओल्या मातीतून, वाळूतून, कधी गुरांच्या मुतातून मिळतं. बसणारे जवळजवळ सगळे नर असतात. मिळवलेले क्षार मीलनाच्या वेळी ते मादीला देतात आणि ते अंड्यांच्या कामी येतात.

आंबोलीच्या वरच्या अंगाला एका वहाळात ऑक्टोबरमध्ये मी आठ नीलवंत एका ओळीत बसलेले पाहिले आहेत. म्हशी नुकत्याच पाण्यातून गेल्या होत्या आणि त्यांच्या खुरांच्या खड्ड्यांत पाणी झिरपत होतं. प्रत्येकाने आपला खड्डा धरला होता. पंख अर्धे उघडे, हलके थरथरणारे, सोंड मातीत. दर काही सेकंदांनी शरीराच्या मागच्या टोकातून पाण्याचा एक थेंब बाहेर पडायचा. क्षार ठेवून घ्यायचे आणि पाणी सोडून द्यायचं, हा त्यांचा धंदा अखंड चालू होता. मी पाण्यात उकिडवा बसून पाऊण तास बघत होतो. माझी सावली पडेपर्यंत एकही उडाला नाही.

शहरात हे कसं काय दिसतं?

दमदार उडणारं फुलपाखरू आहे, लांबवर जातं. मुंबई, ठाणे, पुण्यात भर रस्त्यावर वाहनांच्या वरून रस्ता ओलांडताना मी ते पाहिलं आहे. पण नुसतं भटकत येणं वेगळं आणि शहरात पिढी वाढणं वेगळं. पिढी वाढायला त्याला लिंबाच्या कुळातलं झाड लागतं. जिथे परसात पपनस आहे, जुन्या वाड्याच्या मागे ईडलिंबू आहे, तिथे ते टिकतं.

बागेतल्या लिंबावर अळी आहे. नीलवंताची असेल का?

असू शकते, पण कागदी लिंबाच्या कुंडीत असेल तर ती बहुतेक लाइम बटरफ्लायची किंवा कॉमन मॉरमॉनची असते. नीलवंताची पहिली पसंती जंगलातल्या झुडपांना, विशेषतः माकडलिंबूला. किरमिराही त्याला चालतो. बागेत आलं तर पपनसाकडे त्याचा ओढा जास्त दिसतो.

मादी अंडं घालते ते बघण्यासारखं असतं. सावंतवाडीजवळ आमच्या आजोळी विहिरीच्या मागे पपनसाचं एक गुडघ्याएवढं रोप आपोआप उगवलं होतं, सुपारीच्या सावलीत. वर मोठं झाड फुललेलं असूनही मादी त्या रोपावरच उतरली. आधी एका पानावर बसली आणि पुढच्या पायांनी त्या पानावर भराभर टकटक केली. फुलपाखराला चव पायांनी कळते. असं टकटक करून ती पानातला रस तपासते. दोन पानं नापास झाली. तिसऱ्यावर तिने पोट वाकवलं, एक अंडं चिकटवलं आणि निघून गेली. एका पानावर एकच. मोहरीपेक्षा किंचित मोठा, गुळगुळीत, फिकट गोल मणी.

त्यातून बाहेर पडणारी अळी पहिले काही दिवस चक्क पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: ओलसर, चकचकीत, मळकट रंगावर पांढरा पट्टा. पानाच्या मधोमध उघड्यावर बसते आणि कोणी पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवी होते, निळसर झाक असलेली, आणि छातीच्या फुगीर भागावर डोळ्यासारख्या खुणा येतात. कॉमन मॉरमॉनची अळीही जवळजवळ अशीच असते, फक्त लहान. दोघी नुसत्या फोटोवरून वेगळ्या सांगताना मीही चुकलो आहे, म्हणून शक्य असेल तर फुलपाखरू बाहेर येईपर्यंत थांबा.

अळीला हात लावला तर तिने लाल शिंगं बाहेर काढली आणि घाण वास आला. विषारी आहे का?

मुळीच नाही. डोक्यामागे त्वचेत लपवलेला हा दुहेरी फाट्याचा मांसल अवयव आहे, नीलवंतात लाल रंगाचा. धोका वाटला की अळी तो झटकन बाहेर काढते. वास आंबूस, कुजकट लिंबासारखा. मुंग्या आणि छोटे शिकारी पळवून लावायला तो पुरतो. तुम्हाला काही होणार नाही, हात धुवा म्हणजे झालं.

कोष कुठे शोधायचा? तो उघडतो तेव्हा काय होतं?

कोष सापडणं ही नशिबाची गोष्ट. तो शेपटाकडून फांदीला चिकटलेला असतो आणि कमरेला रेशमाचा एक धागा, झाडावर चढणारा पाडेली दोर टाकून रेलतो तसा. आजूबाजूला हिरवं असेल तर हिरवा, वाळकं असेल तर तपकिरी.

वर सांगितलेल्या रोपावरची अळी कोषात गेली तेव्हा मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे जात असे. शेवटच्या दिवशी कोषाचं आवरण पारदर्शक झालं आणि आतला काळा रंग दिसू लागला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाठीवर चीर पडली आणि एक ओलं, चुरगळलेलं, जाडं पोट असलेलं काहीतरी बाहेर आलं. पंख म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या दोन चिंध्या. ते फांदीला उलटं लटकलं आणि पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलू लागलं. दहा-पंधरा मिनिटांत त्या चिंध्या उलगडत खाली उतरल्या. ठिपके आधी दाटीवाटीने होते, पंख ताणले गेले तसे सुटे होत आपापल्या जागी गेले. मग तपकिरी-तांबूस पाण्याचे दोन थेंब टाकले. हे रक्त नव्हे, कोषातल्या दिवसांचा साठलेला मळ असतो. पंख कडक व्हायला आणखी तास-दोन तास लागले. तेवढा वेळ त्याला जराही धक्का लागता कामा नये, नाहीतर पंख वाकडे राहतात ते कायमचे.

पूर्ण आयुष्य किती?

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत हवेनुसार महिना-दीड महिना. पंख फुटल्यावर काही आठवडे. तेही वेडा राघू, कोतवाल, सरडे आणि कोळी यांच्या तावडीतून वाचलं तर. त्याआधी अळीपणातच परजीवी गांधीलमाश्या पुष्कळांना संपवतात.

लिंबाच्या बागायतीला यापासून धोका आहे का?

नाही. लिंबू-संत्र्याच्या रोपवाटिकेत पानं फस्त करणारी अळी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती लाइम बटरफ्लायची. नीलवंत सुटी अंडी घालतो, सावलीतल्या कोवळ्या पानांवर घालतो, आणि संख्येने थोडा असतो. फवारणी करताना मात्र दोघांत फरक केला जात नाही.

आमच्या बागेत नीलवंत यावा म्हणून काय लावू?

मध आणि पानं, दोन्हींची सोय लागते. मधासाठी जास्वंद, एक्झोरा, पेंटास, मुसांडा, भारंगी. लालभडक आणि नळीदार फुलांकडे तो लवकर वळतो. घाणेरीवरही तो आवडीने येतो, पण घाणेरी लावू नका. ती बाहेरून आलेली आहे आणि जंगलात पसरली की बाकी झुडपांना जागाच ठेवत नाही.

अळीसाठी पपनस, किंवा जागा थोडी असेल तर लिंबूच. ते जरा सावलीत लावा आणि कीटकनाशक मारू नका. पानं खाल्ली जातील, हे आधीच मान्य करून टाका. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत मागच्या भिंतीशी पपनसाची दोन रोपं होती आणि दरवर्षी नीलवंताची अळी मिळायची. एका मे महिन्यात साफसफाई म्हणून ती रोपं मुळासकट काढली आणि तिथे फरशी बसवली. फुलझाडं पुढच्या अंगणात अजून आहेत, नीलवंत येऊन मध पिऊन जातो, पण अळी मात्र त्यानंतर तिथे सापडली नाही.

फोटो नेहमी हललेला येतो. काय करू?

फुलावर बसल्यावरही हा पंख थांबवत नाही. अंग जड आणि फूल नाजूक, म्हणून मागचे पंख स्थिर ठेवून पुढचे फडफडत ठेवतो. त्यामुळे शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद हवा. मोबाइल असेल तर फुलांवर वेळ घालवू नका. चिखलपानाची जागा किंवा सकाळचं ऊन गाठा, खाली बसा, सावली त्याच्यावर पडू देऊ नका आणि सरळ समोरून न जाता बाजूने सरका.

घरात शिरलेल्या नीलवंताला बाहेर कसं सोडायचं?

दिवे घालवा, एक खिडकी उघडा. दिवसा ते उजेडाकडे आपण होऊन जातं. रात्री आलं तर भिंतीवर बसलेलं राहू द्या, सकाळी जाईल. फारच खाली, पायदळी येण्यासारखं बसलं असेल तर त्याच्या पुढच्या पायांपाशी बोट आडवं धरा. ते स्वतःच चढून बसतं.

पंख फाटलेलं सापडलं तर?

मागच्या पंखाचा तुकडा गेला असेल तर काळजी नको, तशी फुलपाखरं मजेत उडतात. पक्ष्याने चोच मारली की ती बहुधा तिथेच बसते आणि जीव वाचतो. अजिबात उडता येत नसेल तर फुललेल्या झुडपावर सावलीत ठेवा.

माकडलिंबू ओळखायचा कसा? तो रोपवाटिकेत मिळतो का?

हा प्रश्न वारंवार विचारला जात नाही, पण विचारला जावा असं मला फार वाटतं. नीलवंताच्या पाट्या लागतात, चित्रं रंगवली जातात, आणि ज्या झुडपावर तो वाढतो ते मात्र ‘रान’ म्हणून कोयत्याखाली जातं.

जंगलाच्या कडेला, देवराईत, जुन्या गडग्याशेजारी सावलीत वाढलेलं झुडूप किंवा लहान झाड असतं. पानं गर्द हिरवी, चिवट, चकचकीत, आणि टोकाला बऱ्याचदा एक बारीक खाच. फांद्यांवर कधी काटे. पान चुरगळलं की लिंबाचा वास येतो, ही पक्की खूण. फुलं पांढरी, लहान, सुवासिक. फळं सुपारीएवढी, गोल, हुबेहूब बुटक्या लिंबासारखी. देशी झाडांची रोपं करणाऱ्या काही रोपवाटिका ती मागणीवरून देतात. पिकलेल्या फळांच्या ताज्या बिया पावसाच्या तोंडावर पिशवीत लावल्या तर घरीही रोपं होतात. वाढ सावकाश आहे. पहिली दोन वर्षं रोपाला सावलीत ठेवा, आणि पावसाळ्यात गवत काढताना त्याच्या शेजारी एक खुंटी रोवून ठेवा, म्हणजे कोयता चालवणाऱ्याला ते दिसेल.